एका घासामागे एक प्रश्न

दिवाळी अंकांत नोकरीतले अनुभव लिहिणारी जी माणसं मी आजवर वाचली, ती सगळी निवृत्त झालेली होती. कुणी तहसीलदार, कुणी पोस्टमास्तर, कुणी तीस वर्षं एसटी चालवलेले. मी अजून कशातूनच निवृत्त झालेलो नाही. खरं तर धड कुठे लागलेलोही नाही. नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. त्याआधी तीन वर्षं लातुरात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना जेवू घालायचं काम केलं, एवढीच माझी सांगण्यासारखी नोकरी. तेवढ्यावर लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आई गावी रोजानं शेतात जाते, वडील लातूरच्या डाळ मिलमध्ये आहेत. लिहिलेलं दाखवावं, चूक-बरोबर विचारावं असं घरात कुणी नाही. तेव्हा जिथं चुकेल तिथं वाचकांनी सांभाळून घ्यावं.

लिहायचं धाडस केलं ते मॅडमच्या सांगण्यावरून. मॅडम म्हणजे स्पीच थेरपीच्या मॅडम. मी बारावीनंतर नांदेडच्या एका दवाखान्यात वॉर्डात मदतनीस होतो, तिथे त्या होत्या. बोलणं बिघडलेल्या पेशंटला त्या बोलायला शिकवतात एवढंच मला माहीत होतं. एकदा एका पेशंटचा मुलगा त्यांना म्हणाला, "मॅडम, आमच्या वडिलांचं बोलणं ठीक आहे. त्यांना गिळता येईना. तुम्ही कशाला आलात?" मॅडम म्हणाल्या, "त्याच्यासाठीच आले. ज्या गल्लीतून आवाज बाहेर येतो, त्याच गल्लीतून घास आत जातो."

हे वाक्य मला आवडलं. मी त्यांच्या मागे मागे फिरायला लागलो. वर्षभरानं त्या दर गुरुवारी लातूरच्या पेशंटकडे जाऊ लागल्या आणि बाकीचे सहा दिवस पेशंटकडे बघायला त्यांना माणूस लागला. वडील लातुरातच होते. मी गेलो.

काम काय असतं ते सांगतो. घशात दोन वाटा आहेत, एक पोटाकडे आणि एक फुप्फुसाकडे. आपण गिळतो तेव्हा फुप्फुसाची वाट क्षणभर बंद होते. अर्धांगवायूनंतर, कंपवातात, कधी नुसत्या म्हातारपणानं, ही वाट बंद व्हायला उशीर लागतो. मग घासातलं थोडं तिकडे जातं. ठसका लागला तर बरं, शरीर जागं आहे. काहींना ठसकाही लागत नाही आणि चार दिवसांनी ताप येतो.

शेतात पिकाला पाणी देत ज्यानं रात्रंदिवस दारं धरलीत, त्याला हे लवकर समजतं. पाटाचं पाणी जोरात आलं, की तुम्ही फावड्यानं माती ओढेपर्यंत ते नको त्या वाफ्यात शिरतं. तेच गाळ असेल तर हळू येतो, तुम्हाला वेळ मिळतो. म्हणून असल्या पेशंटला सगळ्यात धोक्याची वस्तू भाकरी नाही, साधं पाणी आहे. आपल्याकडे मात्र माणूस आजारी पडला, की घरचे सगळं पातळ करतात. पातळ वरण, पातळ चहा, भाताची पेज. तेही आडवं निजवून, चमच्यानं. माया असते हो त्यात. पण ती माया घशाच्या चुकीच्या वाटेनं जाते.

मॅडमनी मला शिकवलेले नियम थोडे होते. पेशंटला ताठ बसवायचं. तोंड स्वच्छ करायचं. छोटा चमचा. गिळताना हनुवटी छातीकडे, अर्थात हे सगळ्यांना चालत नाही, ज्याला मॅडमनी सांगितलं त्यालाच. एका घासाला दोनदा गिळायला लावायचं. आणि शेवटचा नियम असा, की घास गेल्यावर माणसाला बोलतं करायचं आणि आवाज ऐकायचा. आवाज कोरडा असेल तर पुढचा चमचा. आवाज ओला आला, म्हणजे नरड्यात पाणी खळखळल्यासारखा, तर थांबायचं. मॅडम म्हणायच्या, "नुसतं 'आ' म्हणायला लावलंस तरी चालतं." पण दिवसातून तीन वेळा, चाळीस चाळीस चमच्यांना 'आ' म्हणवून घेणं मला बरं वाटेना. शाळेतल्या पोरासारखं वाटायचं ते. म्हणून मी प्रत्येक घासामागे एक प्रश्न विचारायला लागलो.

ते दिवस मला आता फार आठवतात. मूळच्या नांदेडच्या एक आजी होत्या, अगदी माझ्या सुरुवातीच्या. त्यांना कोरडं, भुरभुरीत काही द्यायचं नाही असं सांगितलेलं. मी प्रश्न विचारला, की त्या मान डोलवायच्या, बोलायच्या नाहीत. दोन दिवसांनी संशय आला.

"आजी, तोंडात काय आहे?"

"काह न्हाह."

उशीखाली रुमालात सुशीला, आमच्याकडचा न्याहारीचा पदार्थ, बांधलेला निघाला. मुरमुरे, शेंगदाणे, वर कोथिंबीरसुद्धा. नातीनं आणून दिलेला. आजी म्हणाल्या, "माय, मरायच्या आधी एवढं तरी खाऊ दे." मी मुरमुरे दह्यात भिजवून, घोटून, वर गार फोडणी घालून दिले. त्यांनी चाखलं आणि म्हणाल्या, "ह्याला सुशीला म्हणून राहिलास का तू? ही तर सुशीलाची सासू झाली." पण वाटी संपवली.

मला मुख्य सांगायचं आहे ते तात्यांचं.

तात्या किल्लारीच्या बाजूचे. स्वतःची जमीन, ऊस, वर दोन बोअर. वय अठ्ठ्याहत्तर. अर्धांगवायूनं डावी बाजू गेली म्हणून लातुरात मुलाकडे आणलेले. मुलाचं नाव दिगंबर, त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. सून, म्हणजे वहिनी, घर बघायच्या. मी गेलो तेव्हा तात्यांच्या नाकात नळी होती आणि तिच्यातून दूध, वरणाचं पाणी दिलं जात होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं, गिळणं सुधारलं तर नळी काढू, नाही तर कायमची.

पहिल्या दिवशी तात्यांनी मला गाव विचारलं. मी जळकोट तालुक्यातलं आमचं गाव सांगितलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. आमचं घर बौद्ध आहे, हे आडनावावरून कळतं. तात्या "बरं" म्हणाले. एवढंच. त्यानंतर ते मला 'कालेजकुमार' म्हणायला लागले, कारण माझ्या पिशवीत प्रवेश परीक्षेचं पुस्तक असायचं.

सहा आठवडे आम्ही जिभेचे आणि घशाचे व्यायाम केले. मॅडम दर गुरुवारी बघून जायच्या. दह्याचा एक चमचा, मग पाच, मग वाटीभर. सातव्या गुरुवारी मॅडम म्हणाल्या, नळी काढायला हरकत नाही. ती निघाली तेव्हा तात्यांनी नाक चोळलं आणि वहिनींना म्हणाले, "आता माणसावानी दिसायलोय का?" वहिनी रडायला लागल्या.

नळी निघाली, पण साधं पाणी बंद होतं. मऊ वरणभात, दाट आंबील, घोटलेली खीर, आणि पाण्यात पावडर घालून दाट केलेलं पाणी. त्या पाण्यावर तात्यांचा फार राग.

"ही तर खळ केलीस तू पाण्याची. निवडणुकीचं पोस्टर चिकटवायचंय का माझ्या नरड्यात?"

"तात्या, दोन आठवडे. मग मॅडम साधं पाणी देऊन बघणार आहेत."

"लातुरात आधीच नळ आठ-आठ दिवस येईना. आला तर तू त्याची खळ करायलास."

पण जेवणाची वेळ आम्हा दोघांनाही आवडायची. तात्यांची उत्तरं 'जुन्या गावात' या शब्दांनी सुरू व्हायची. भूकंपानंतर गाव दुसरीकडे वसलं, तरी त्यांचं सगळं जुन्या गावातच घडलेलं होतं. हाळीच्या बाजारातून त्यांनी एक बैल आणला, तो वाटेत बसला तो उठेना, ही एक गोष्ट अकरा चमचे झाले तरी संपेना.

"मग उठला का?"

"आधी सांग, अजून किती चमचे?"

"नऊ."

"पाच कर. तर सांगतो."

"सात."

"हाळीच्या बाजारात दलाल शोभला असतास तू." मग घास, दोनदा गिळणं, आणि कोरड्या, खणखणीत आवाजात बैलाची पुढची हकिगत. मला अजून वाटतं, की मी जे काही थोडं ऐकायला शिकलो ते त्या खोलीत शिकलो. बाहेर कोचिंग क्लासची पोरं सायकलींवरून जायची, गल्लीत रिक्षा वाजायच्या, आणि आत आम्ही दोघं एका बैलाला उठवत बसायचो.

अडचण एकच होती. तात्या पाणी गिळताना मान मागे टाकायचे. जन्मभर त्यांनी तांब्या वर धरून, ओठ न लावता, वरून धार सोडून पाणी प्यायलेलं. भांडं उष्टं करायचं नाही हा त्यांचा कायदा. मान मागे गेली, की फुप्फुसाची वाट उघडी पडते. दाट पाण्यानं अजून काही झालं नव्हतं, पण साध्या पाण्याला ही मान चालणार नव्हती. मॅडम मला सांगून गेल्या, "गुरुवारपर्यंत हनुवटी खाली घालायची सवय लाव. नाही तर पाणी देणार नाही मी."

"मान खाली, तात्या."

"खालीच हाय की."

"गिळताना वर जाते."

"पाणी पिऊन राहिलो का कुणाच्या पाया पडून राहिलो?"

चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी मला एक सुचलं आणि मी खूश झालो. माझ्या आजोबांनी मला लहानपणी दाखवलं होतं, ते तरुण असताना आमच्याकडे विहिरीवर पाणी कसं प्यायचे. भांड्याला हात लावायचा नाही. कुणीतरी वरून ओतणार, आपण वाकून खाली ओंजळ धरायची. आजोबा हे हसत दाखवायचे, म्हणून मलाही त्यात तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता लक्षात आलं, की ओंजळीनं पिताना हनुवटी आपोआप छातीला लागते. मॅडमना जी मान हवी होती, ती हीच.

मी तात्यांसमोर उभा राहिलो, कमरेत वाकलो, दोन्ही हात तोंडाशी नेले. "तात्या, ओंजळीनं पाणी पिताना मान कशी असते? तशी पाहिजे बघा."

तात्यांनी माझी ओंजळ बघितली. मग म्हणाले, "आमच्या हिरीवर ओंजळीनं पिणारे येगळे होते. मी न्हाई तसा पेणार."

रागानं म्हणाले नाहीत. एखाद्याला वाट सांगावी तसं म्हणाले. आवाज अगदी कोरडा, स्वच्छ होता. माझ्या नियमानं बघितलं तर पुढचा चमचा द्यायला हरकत नव्हती.

मी वाटी उचलली, धुतली, जागेवर ठेवली. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकही प्रश्न विचारला नाही. घास द्यायचा आणि "आ म्हणा" म्हणायचं. तात्या 'आ' म्हणायचे. एकदा ते आपणहून म्हणाले, "त्या बैलाचं पुढं काय झालं माहीत हाय का?" मी म्हणालो, "तोंड पुसा."

त्याच दिवशी दुपारी गावाकडून भावकीतले तिघं जण भेटायला आले. वहिनींनी ताटात तांब्या आणि पेले आणून ठेवले आणि त्या चहा करायला आत गेल्या. पाहुण्यांनी पाणी घेतलं. तांब्या तिपाईवर, तात्यांच्या उजव्या हाताला राहिला. पाहुणे उसाच्या तोडीचं बोलत होते. मी दाराजवळ खुर्चीवर होतो, पुस्तक मांडीवर.

तात्यांचा हात तांब्याकडे निघालेला मी पाहिला.

त्यांनी तांब्या उचलण्याआधी माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. मधे तीन पावलांचं अंतर होतं. मला उठायचं होतं, एवढंच काम होतं माझं, त्यासाठीच मला ठेवलेलं होतं. मी उठलो नाही. मनात जे आलं ते लिहितो, नाही तर हे लिहिण्याला अर्थ नाही. मनात आलं, पी. तुला प्यायचं तसं पी.

तात्यांनी मान मागे टाकली आणि वरून धार सोडली.

ठसका लागला तसा तो थांबेना. चेहरा काळानिळा झाला. पाहुणे उठले, एकानं पाठीत थापट्या मारल्या, आणि दुसरा ओरडला, "अगं पाणी आण, पाणी! ठसका लागला तात्यांना!" आणि त्यानं तोच तांब्या परत तात्यांच्या तोंडाला लावला. तेव्हा मी उठलो. तांब्या हिसकावला, तात्यांना पुढे वाकवलं. दहा मिनिटांनी ते शांत झाले. मी विचारलं, "तात्या, कसं वाटतंय?"

"काय न्हाई झालं," ते म्हणाले. आवाज ओला होता.

मी वहिनींना सांगितलं, की पाणी प्यायले, लक्ष ठेवा. मॅडमना फोन केला, त्यांनी दवाखान्यात दाखवायला सांगितलं. दिगंबरदादा म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप आला. तिसऱ्या दिवशी तात्यांना ॲडमिट केलं. न्युमोनिया. दादांचा मला फोन आला.

"तू काय करून राहिला होतास तिथं?"

मी म्हणालो, "पाहुणे होते."

दोन शब्द. खोटं एकही नव्हतं त्यात. दादांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, त्या घरी आता जाऊ नकोस, त्यांनी नको म्हटलंय. मॅडमनाही मी पाहुण्यांचंच सांगितलं होतं. त्या मला म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर आपलं चालत नाही रे, मनाला लावून घेऊ नकोस." हे छापून येईल तेव्हा खरं काय ते त्यांना पहिल्यांदाच कळेल.

मी त्या दवाखान्यापर्यंत दोनदा गेलो. एकदा फाटकापर्यंत, एकदा जिन्यापर्यंत. वर गेलो नाही. महिन्याभरात प्रवेशाची यादी लागली आणि मी नांदेडला आलो. तात्यांचं काय झालं हे मला कळलं नाही, आणि मी कळूनही घेतलं नाही. नंबर होता माझ्याकडे. न विचारलं तर दोन्ही गोष्टी खऱ्या राहतात, असं काहीतरी मी मनाशी धरून बसलो होतो.

इथे वॉर्डात आम्हाला पेशंटला जेवण द्यायची ड्यूटी असते. तीस खाटा आणि दोघं जण. प्रश्न विचारायला वेळ नसतो. मी तरी विचारतो. माझ्याबरोबरची मुलं हसतात, "याची मुलाखत चालू झाली बघ." कुणी म्हातारा घास गिळून गावाकडचं सांगायला लागला, की मला लातूरची ती खोली आठवते आणि बैल उठला की नाही ते राहूनच गेलं, हेही आठवतं. मी चांगलं काम करत होतो. तीन वर्षांत ते एकच दुपार केलं नाही.

यंदा पोळ्याच्या आधी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी लायब्ररीत होतो, बाहेर येऊन घेतला.

"भाऊ, ओळखलंत का? मी तात्यांची सून बोलायले."

मी पायरीवर बसलो. वहिनी म्हणाल्या, "माझ्या आईला सारखा ठसका लागायलाय. डॉक्टरला दाखवलं, पण म्हणलं तुम्हाला विचारावं. आंबील किती दाट करायचं हो?"

मी सांगितलं. चमचा तिरका केला तर धार लागता कामा नये, गोळा गोळा पडला पाहिजे. ताठ बसवा. गावात कुणी ठसका लागला म्हणून पाणी पाजायला आलं, तर पाजू देऊ नका. मॅडमचा नंबर दिला, एकदा दाखवून घ्याच म्हटलं. वहिनी लिहून घेत होत्या, मधे मधे "हाव, हाव" म्हणत होत्या. शेवटी मला विचारावंच लागलं.

"तात्या?"

"तुम्हाला कळालंच न्हाई का?" त्या म्हणाल्या. "संक्रांतीच्या नंतर गेले. हार्टनं. दुपारी वरणभात खाल्ला, खुर्चीत बसल्या बसल्या. दवाखान्यातून आल्यावर चांगले आठ महिने होते की. नळीबी न्हाई लावावी लागली परत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. वहिनींना वाटलं फोन कट झाला. "हॅलो? ऐकायलात का?" म्हणाल्या. मी हो म्हटलं.

"आमचे हे लई चिडले होते तुमच्यावर. तुमच्या मॅडमकडं लेखी तक्रार देतो म्हणले. तर तात्यांनी खाटेवरूनच दम दिला त्यांना. म्हणले, 'त्या पोरानं माझा हात गच्च धरला होता. म्याच हिसडा मारून सोडिवला. त्याला कुणी काय बोलायचं न्हाई.'"